वाइडबँड एएफआर मीटर, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढून झाल्यावर

गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८००, त्यामुळे ईसीयू बिसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काही भानगड नाही, हवा-पेट्रोलचं मिक्स्चर काय चाललंय ते प्लगचा रंग बघून नाहीतर मिस्त्रीच्या कानावर. आधी स्वस्तातलं नॅरोबँडचं लाइटवालं मीटर होतं, ते निव्वळ डिस्को. तो सेन्सर ०.४५ व्होल्टच्या इकडून तिकडे उड्या मारतो, रिच (पेट्रोल जास्त) आहे का लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते नाही. म्हणून हे वाइडबँड घेतलं, हे एएफआर म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा तो आकडाच दाखवतं, आकडा वाढला की लीन. सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९.

आता मुद्द्याचं. खोक्यात सगळं दिलंय, सायलेन्सर पाइपला वेल्ड करायचा बंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं कडं), वायरिंग, काचेवर चिकटवायला दोन स्टिकरसुद्धा. पण त्या बंगला बंद करायचा बोल्ट नाही! एम१८ बाय १.५ आट्यांचा साधा बोल्ट. याला एवढं काय लावून धरलंय म्हणाल, तर ऐका. भर पावसाळ्यात मीटरचा डिस्प्ले गेला. वॉरंटी होती, कुरिअर केला, आणि कंपनीच्या फोनवरच्या साहेबांना मुद्दाम विचारलं की सेन्सर पाइपातच राहू दे का. "राहू द्या सर, काही होत नाही, गाडी चालवा बिनधास्त." चालवली. डिस्प्ले दुरुस्त होऊन आला, जोडला तर सेन्सर एरर. मग तेच साहेब म्हणतात हे वॉरंटीत बसत नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलंय की सेन्सरला करंट नसताना इंजिन चालवू नये.

आणि ते बरोबरच आहे हो, तीच तर चीड आहे. या सेन्सरच्या आत हीटर असतो, तो सिरॅमिकला ७८० डिग्रीच्या आसपास तापवून ठेवतो म्हणून त्यावर बसलेली काजळी जळून जाते. मीटर काढलं म्हणजे करंट नाही, करंट नाही म्हणजे हीटर नाही, मग धुराड्यात टांगलेल्या फडक्यासारखी गत, काजळी बसत बसत गार. म्हणून मीटर काढलं की सेन्सरपण काढायचा आणि भोकाला बोल्ट मारायचा. हे मॅन्युअलमध्ये बारक्या अक्षरात छापायला यांच्याकडे शाई आहे, बोल्ट द्यायला पैसे नाहीत. नव्या सेन्सरला साडेसहा हजार मोजले. बोल्ट उद्यमनगरात लेथवर करून घेतला, त्याने चहाच्या वर फारसे पैसे घेतले नाहीत.

खरं तर इथवर लिहून एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण मीटरवर अन्याय नको.

वैभववाडीहून करूळ घाट चढताना गाडी अर्ध्यात दम टाकायची. मिस्त्रीचं एकच पालुपद, कार्बोरेटर गेलाय, नवा टाका. नव्या सेन्सरवर घाट चढलो, बायकोला आकडे वाचायला बसवलं. फुल रेसला सुरुवातीला १३, लोडवर एवढंच पाहिजे. मग हळूहळू १३.६, १४.४, वरच्या वळणांवर १५ च्या पुढे आणि गाडी गचके खायला लागली. पाय उचलला, थोडा दम खाऊ दिला की परत १३. आता जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) चुकीचा असता तर आकडा पहिल्यापासूनच लीन दिसला असता ना? हा सावकाश चढतोय म्हणजे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामं होतंय, मागून पेट्रोल पुरत नाहीये. निघाला काय, तर पेट्रोल फिल्टर गंजाच्या चिखलाने गच्च. फिल्टर बदलला, घाटभर १३ हलला नाही. कार्बोरेटरचे पैसे वाचले तिथेच सेन्सरचं दुखणं अर्धं कमी झालं.

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरणाऱ्यांसाठी एक. मीटर मुळात लॅम्डा (हवा गरजेच्या किती पट आहे ते) मोजतं आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. ई२० चं खरं गणित साडेतेराच्या आसपास बसतं, पण लॅम्डा एक असला की आकडा १४.७ च येणार, त्यामुळे उगाच वजाबाकी करत बसू नका. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं आणि आपले जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे, म्हणजे गाडी आपोआप लीन. माझी सपाटीला ६० वर १६ दाखवायची आणि बारीक झटके द्यायची. मेन जेट एक साइझ मोठा टाकला, आता पावणेपंधरा, चालायला मऊ. अॅव्हरेज वाढलं का विचारू नका, नाही वाढलं.

अजून एक, मिसफायर झाला की हे लीन दाखवतं. पेट्रोल न जळता बाहेर पडत असतं तरी, कारण याला दिसतो फक्त उरलेला ऑक्सिजन. पुढे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तरी तेच. तेव्हा लीन दिसलं की लगेच स्क्रू पिळायला जाऊ नका, आधी प्लग आणि गॅस्केट बघा.

मीटरला साडेचार, सर्व्हिसला भोपळा. आणि सेन्सर परत घ्यायची वेळ आली तर मीटरवाल्याकडून घेऊ नका, बॉशच्या डीलरकडे ० २५८ ०१७ ०२५ हा नंबर सांगून बिलासकट घ्या. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतो त्यात डुप्लिकेट भरपूर. आणि सेन्सरच्या वायरीचा कनेक्टर जाड आहे, गाडीच्या पत्र्याच्या भोकातून जात नाही म्हणून मिस्त्री तो कापून वायरी पिळायला बघेल, त्याला हात लावू देऊ नका, त्या कनेक्टरच्या आतच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो.