'डॉलर कुठं जाणार?': एमएस्सी इंटरनॅशनल फायनान्सचा अनुभव

ब्रिटनमधून एमएस्सी इंटरनॅशनल फायनान्स करून पुण्यात परतले, त्याला चारेक महिने झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये गेले होते, कोर्स एका वर्षाचा. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. डिग्री हातात पडल्या पडल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक तरी झालं असतं किंवा नुसत्या शिव्या. आता नोकरीत रोज त्याच गोष्टी कराव्या लागतात, म्हणून जरा अंदाज आलाय.

निघताना सोलापूरच्या मामांनी एकच मागणी केली होती. "शिकून आलीस की मला एवढंच सांग बाई, डॉलर कुठं जाणार." मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. माल अमेरिकेला जातो आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी डॉलरमध्ये येतात. त्यामुळे डॉलर चढणार की उतरणार, हा प्रश्न गमतीत विचारलेला नव्हता.

तर आधी हेच सांगते: डॉलर कुठे जाणार हे या कोर्समध्ये शिकवत नाहीत. उलट पहिल्याच सत्रात मीझ आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा १९८३ चा शोधनिबंध वाचायला देतात. त्या काळातली नावाजलेली मॉडेलं वर्षभरापर्यंतच्या अंदाजात 'आजचा दर तोच उद्याचा' या अडाणी ठोकताळ्यालाही हरवू शकली नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. एवढं कर्ज काढून हे ऐकायला आलो का, असं माझ्या शेजारचा नागपूरकर पुटपुटला. मला मात्र तिथेच कोर्स आवडायला लागला.

खरा डोक्यात प्रकाश पडला तो फॉरवर्ड दराच्या तासाला. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला चलन घ्यायचा-विकायचा दर आजच पक्का करून ठेवणं. मामांना आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, की बँक वर्षानंतरचा दर चढा सांगते म्हणजे तिला आतली काही खबर असणार. तसं काही नसतं. मी गेले तेव्हा पौंड १११ रुपयांच्या आसपास होता. आपला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, तेव्हा साडेसहा टक्के होता, बँक ऑफ इंग्लंडचा पाच. १११ ला १.०६५ ने गुणा, १.०५ ने भागा. साधारण ११२ रुपये ५९ पैसे येतात. बाजारातले व्याजदर थोडे वेगळे असतात, त्यामुळे बँकेचा आकडा इकडेतिकडे होतो, पण वर्षभरानंतरच्या दराचं गुपित एवढंच. तो अंदाज नसतो, दोन देशांच्या व्याजातला फरक असतो. दर या फरकाला धरून नसता तर एका देशात कर्ज उचलून दुसऱ्या देशात ठेवण्यात फुकटचा नफा झाला असता आणि बँकांनी तो केव्हाच खाऊन टाकला असता. गणित आठवीतलं आहे, पण हे मला बीकॉमच्या तीन वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं.

याचं प्रात्यक्षिक माझ्याच फीवर झालं. पहिला हप्ता १११ च्या दराने भरला. दुसरा जानेवारीत भरायचा होता, तेव्हा पौंड १०६ च्या खाली आलेला. बाबा खूश, 'थांबलीस ते बरं केलंस' म्हणाले. मी थांबले नव्हते, हप्त्याची तारीखच ती होती. जूनमध्ये खर्चाला पैसे मागवले तेव्हा तोच पौंड ११६ वर. कर्ज घेऊन जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की बँकेच्या मंजुरीपत्रात फीचा रुपयांतला आकडा असतो त्यावर दहा टक्के वर धरा. कागदावर पुरतंय असं वाटणारं कर्ज माझ्या मैत्रिणीला मे महिन्यात अपुरं पडलं.

आता कुरकुर. वर्ष म्हणतात, पण शिकवणं सहा-सात महिनेच. १८० क्रेडिटपैकी ६० प्रबंधाचे, आणि त्या उन्हाळ्यात तुम्ही आणि तुमचा लॅपटॉप. माझ्या मार्गदर्शकांनी अर्ध्या तासाच्या चार भेटी दिल्या, पाचवी मागितली तर ईमेलला उत्तर नाही. ज्याला संख्याशास्त्र येत नाही त्याने इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र, निघण्यापूर्वीच घासून घ्यावं, तिथे शिकवायला कुणी थांबत नाही. ग्रुप असाइनमेंटबद्दल काही बोलत नाही, ज्यांनी केलीय त्यांना कळेल.

गुणांचं एक घरी आधीच सांगून ठेवा. पास पन्नासला, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन. मी आईला बासष्ट सांगितले तेव्हा फोनवर शांतता पसरली. दहावीला एक्क्याण्णव होते ना माझे.

इतिहासाचा भाग थोडाच होता, पण मला तोच जास्त लागला. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था जिथे ठरली त्या ब्रेटन वुड्स परिषदेच्या तासाला ब्रिटनचे केन्स आणि अमेरिकेचे व्हाइट यांच्यापुढे कुणी गेलं नाही. १९४४ च्या त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते, हे मीच वर्गात सांगितलं. सरांनी 'इंटरेस्टिंग' म्हणून पुढची स्लाइड लावली. नाताळच्या सुट्टीत लंडनला गेले तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचं संग्रहालय पाहिलं. तिकीट नाही. तिथे काचेच्या पेटीत हात घालून सोन्याची खरी वीट उचलून बघता येते, तेरा किलोच्या आसपास. एका हाताने मला जेमतेम हलवता आली. जुलै १९९१ मध्ये आपण परदेशी गहाण ठेवायला पाठवलेलं जवळपास ४७ टन सोनं म्हणजे अशा किती विटा, हा हिशेब मी तिथेच उभं राहून केला. तीन हजार सहाशेच्या घरात. 'बॅलन्स ऑफ पेमेंट्स', म्हणजे देशात येणाऱ्या-जाणाऱ्या परकीय पैशांचा ताळेबंद, हा शब्द तेव्हापासून मला पुस्तकी वाटत नाही.

नोकरीचं थोडक्यात: शिकताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, त्यात भाडंही धड निघत नाही. कोर्सनंतर राहता येतं, पण व्हिसा स्पॉन्सर करावा लागेल म्हटलं की कंपन्यांचे फोन थांबतात. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना लंडनच्या ट्रेडिंग डेस्कची स्वप्नं होती, कुणी तिथवर पोचल्याचं मला माहीत नाही. मी पुण्यात एका इंजिनीअरिंग कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे पैसा आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या विभागात, लागले. पगार बरा, कर्जाचा हप्ता जातो, वर फार उरत नाही. फक्त पगाराकडे बघून जायचं असेल तर मी जा म्हणणार नाही. आयात-निर्यातीशी आधीच नातं असेल तर मात्र विचार करा.

आणि मामा. मे २०२५ मध्ये मी फोनवर ऐटीत सांगितलं होतं, की डॉलर कुठं जाणार ते विसरा, येणारे निम्मे डॉलर फॉरवर्डला विकून टाका, रात्री झोप लागेल. त्यांनी ८६ च्या आतबाहेर दर पक्का केला. २७ ऑगस्टपासून आपल्या बहुतेक मालावरचा अमेरिकेचा आयातकर ५० टक्के झाला. गिऱ्हाइकाने माल थांबवला, म्हणजे डॉलर येणारच नव्हते, पण ते विकायचा शब्द बँकेला देऊन झालेला. डॉलर तोवर ८८ च्या वर. करार रद्द करायला डॉलरमागे दोन रुपयांहून जास्त खिशातून गेले.

ऑर्डरच पक्की नसेल तेव्हा फॉरवर्ड नको, ऑप्शन घ्यावा. त्यात ठरलेल्या दराने विकायचा हक्क मिळतो, सक्ती नसते; त्यासाठी भरलेला प्रीमियम गेला तर गेला. हे आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्नही आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. फोनवर मात्र आठवला नाही, कारण मामांची ऑर्डर रद्दही होऊ शकते हे माझ्या मनातच आलं नाही.

परवा दिवाणखान्यात मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते ऑप्शन का काय ते, एकदा कागदावर मांडून दाव की."