बी.एस्सी. झाली, पुढे एम.एस्सी. की बी.एड.?

मामेबहिणीने विचारलं, शिकवायचंच आहे तर आधी काय करू? जाहिरातींतली 'शंभर टक्के नोकरी' बाजूला ठेवून बघू.

वेळ: दोन्ही दोन-दोन वर्षांचे. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं. 2015 पासून दोन वर्षांचं झालं.

कुठली दारं उघडतात, हा खरा मुद्दा. बी.एस्सी.-बी.एड.वर नववी-दहावीला विज्ञान-गणित शिकवता येतं. सहावी ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) ही लागते. नुसत्या एम.एस्सी.वर अनुदानित शाळेत कायम जागा मिळत नाही. सीनियर कॉलेजला एम.एस्सी.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, देशपातळीची किंवा राज्याची) हवी, नाहीतर पीएच.डी. अकरावी-बारावीला मात्र एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. हे कित्येकांना फार उशिरा कळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेहनत वेगळी. बी.एड.ला पाठ टाचण काढायचं, खऱ्या वर्गात उभं राहायचं, मागच्या बाकावरून प्राध्यापक प्रत्येक वाक्य टिपतात. एम.एस्सी.ला प्रयोगशाळा आणि विषयाची खोली. केमिस्ट्री असेल तर औषध कंपन्यांची वाटही खुली राहते.

नोकरीची वाट दोन्हीकडे लांबते. शाळेत टेट (TAIT, शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी; टीईटीहून वेगळी) आणि पवित्र पोर्टल (राज्याची शिक्षक भरतीची ऑनलाइन व्यवस्था), कॉलेजात वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काम.

घरी लवकर पगार हवा, मुलांत रमतेस, तर आधी बी.एड.; खासगी शाळा तरी लगेच मिळू शकते. विषयाचं वेड असेल, सेटची तयारी असेल, तर एम.एस्सी. ज्युनियर कॉलेजच हवं असेल, तर चार वर्षं धरूनच चाल.