डॉन पोस्टचं लेटेक्स की बेन कूपरचं प्लॅस्टिक?
अमेरिकेतले जुने हॅलोविन मुखवटे जमवायचे तर माझा कौल डॉन पोस्ट या मुखवटे बनवणाऱ्या कंपनीला. अख्ख्या डोक्यावर चढणारा, हाताने रंगवलेला लेटेक्सचा (म्हणजे रबराचा) राक्षस समोर ठेवला की त्याची सुरकुतीन् सुरकुती जिवंत वाटते. १९७८च्या ‘हॅलोविन’ चित्रपटातल्या खुन्याचा तो पांढरा चेहराही मुळात याच कंपनीचा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. रंग बदलला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले, बस! पण लेटेक्स जपावं लागतं. ऊन, उष्णता लागली की ते कडक होतं, तडकतं. आतून आधार देऊन थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचं.

बेन कूपर या दुसऱ्या कंपनीचा पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा फक्त चेहरा झाकतो, मागे इलॅस्टिक. तुलनेने स्वस्त, जागाही कमी लागते. मात्र मूळ खोका आणि पोशाख सोबत असेल तरच घ्या, आणि डोळ्यांच्या कडा चिरलेल्या नाहीत ना, ते आधी बघा.