वस्ती कशी बदलते ते पाहायचंय? 'डू द राइट थिंग' की 'द लँडलॉर्ड'

दोन्ही सिनेमे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. गेल्या शनिवार-रविवारी ते लागोपाठ पुन्हा पाहिले, कारण एका मित्राला जेंट्रिफिकेशनवरचा, म्हणजे पैसेवाले येतात आणि वस्तीतले जुने रहिवासी बाहेर ढकलले जातात त्यावरचा, एकच सिनेमा बघायचा होता आणि कोणता ते माझ्याकडून हवं होतं.

'डू द राइट थिंग' (1989) मोठा आहे, यात वाद नाही. बेड-स्टाय या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली एक गल्ली आणि एकच तापलेला दिवस. दिग्दर्शक स्पाइक लीचा तो उकाडा पंख्याखाली बसूनही अंगाला चिकटतो. पिझ्झेरियाच्या भिंतीवर कोणाचे फोटो लावायचे, एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण जिथे जाऊन थांबतं, त्यानंतर मला लगेच झोप लागत नाही.

पण एक गोष्ट दर वेळी खटकते. सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाची जर्सी घातलेला गोरा क्लिफ्टन सायकल घेऊन जाताना वस्तीतल्या बगिन आउट नावाच्या तरुणाच्या कोऱ्या जॉर्डन बुटाला डाग लावतो. हे घर माझं आहे म्हणतो, बाचाबाची होते, आणि तो आत निघून जातो. संपलं! त्या घरात आधी कोण राहायचं? ते कुठे गेले? मी चाळीत वाढलो, पुनर्विकासाच्या बैठका ऐकत. माझ्यासाठी खरी गोष्ट त्या दाराच्या आतच आहे.

'द लँडलॉर्ड' (1970) आतच घडतो. श्रीमंत घरातला एल्गर पार्क स्लोपमधली जुनी इमारत विकत घेतो. भाडेकरूंना काढून स्वतःसाठी आलिशान घर करायचा त्याचा बेत असतो, आणि हळूहळू तोच त्या भाडेकरूंमध्ये गुंतत जातो. दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबीचा हा पहिला सिनेमा. संकलन फार तुटक आहे, सुरुवातीला धीर धरावा लागतो. सगळं गोऱ्या मुलाच्या नजरेतून दिसतं, ही तक्रारही रास्त आहे. तरी मूळ कादंबरी क्रिस्टिन हंटरची आणि पटकथा बिल गनची, दोघंही कृष्णवर्णीय. कदाचित म्हणूनच भाडेकरू बिचारे वाटत नाहीत, एल्गरला ते पुरून उरतात. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने एल्गरच्या आईबापांचं घर इतकं पांढरंफटक टिपलंय की डोळे बारीक होतात. ब्रुकलिनचे जिने मात्र काळोखे.

एल्गरची आई इमारत बघायला येते, तो प्रसंग मी मागे नेऊन दोनदा पाहिला. पर्ल बेलीने साकारलेली भाडेकरू मार्ज तिला घरात बसवते, खाऊ घालते, पाजते. आई झालेल्या ली ग्रांटचा तो ताठ चेहरा घोटागणिक सैल होत जातो. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

मित्राला सांगितलं, जमलं तर दोन्ही बघ, पण आधी 'द लँडलॉर्ड'.