उशाशी काय ठेवायचं: १९५०च्या दशकातलं इटालियन लाकूड की १९६९चं प्लास्टिक?

माझ्या भाचीने मिलानमध्ये घर घेतलं. पलंग आला, गादी आली आणि उशाशी काय ठेवायचं यावर नवरा-बायकोचं गाडं अडलं. तिने मला दोन फोटो पाठवले. एकात महोगनीची जोडी होती: बारीक निमुळते पाय, पायांना पितळी टोपणं, माथ्यावर काळी काच. दुसऱ्यात पांढराशुभ्र गोल डबा, एकावर एक तीन कप्पे आणि त्यांना सरकती दारं. "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" मीही इटलीत बारा वर्षं राहते, दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि एकदा चांगलीच फसलेही आहे. हाच प्रश्न बऱ्याच जणांकडून येतो, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

इटालियनमध्ये या टेबलाला कोमोदीनो म्हणतात. दोन हवी असतील तर 'कोप्पिया दी कोमोदीनी' असं शोधायचं. जोडी पहिल्यापासून एकत्र राहिलेली असेल तर भाव चढा असतो, आणि तो रास्तच आहे. सुटा नग घेऊन त्याचा जोडीदार नंतर शोधू म्हणाल, तर तो सहसा मिळत नाही.

लाकडाची जोडी

मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्झा नावाचा पट्टा आहे. त्यातली कान्तू आणि लिस्सोने ही गावं पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामावर जगली. युद्धानंतर घरं भराभर उभी राहिली तेव्हा इथल्या छोट्या कारखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लग्न झालं की जोडपं अख्खी बेडरूमच घ्यायचं: पलंग, भलंमोठं कपाट, खणांचं बुटकं कपाट आणि दोन कोमोदीनी. आता त्या आजी-आजोबांची घरं रिकामी होतात तेव्हा ते कपाट आजच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. उशाची जोडी मात्र लगेच उचलली जाते. मिलानच्या नाविल्यो ग्रांदे कालव्याकाठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे अशा जोड्या हमखास दिसतात.

लांबून पाहून ठरवू नका. खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. माझ्याकडच्या जोडीत बाहेरून गडद महोगनीचं व्हीनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे, पण खण आतून फिकट मेपलचा आहे. दिवाणखान्यात कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी त्या सुताराने लोण्यासारखं गुळगुळीत लाकूड वापरलंय. खणाचे कोपरे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्याने एकमेकांत गुंतवलेत, खिळा एकही नाही. सत्तर वर्षं झाली तरी खण बोटाच्या धक्क्याने आत जातो आणि शेवटच्या इंचाला आतली हवा दबल्यामुळे जरा थबकतो. मला विचाराल तर मी पैसे त्या थबकण्याचे देते.

काच उचलून बघा. त्या काळी काच खालच्या बाजूने रंगवत, काळी नाहीतर बाटलीसारखी हिरवी. कडेला रंगाचे पोपडे सुटले असतील तर घाबरायचं कारण नाही. काच कोरी करकरीत असेल तर ती बदललेली आहे; त्यानेही बिघडत नाही, पण भाव करताना तसं बोलून दाखवा. पायांवर दीड-दोन मिलिमीटरची भोकं दिसली तर खाली पांढरा कागद धरून हलकेच टकटक करा. फिकट, ताजा भुसा पडला तर किडा अजून आत आहे, आणि मग ती जोडी घरात आणायचीच नाही.

आता मी कशी फसले ते सांगते. आमची पहिली जोडी मी एका दुकानातून ऐटीत घेतली. घरी आल्यावर दोन्ही टेबलांच्या पाठीवर चार-चार बुजवलेली भोकं दिसली, आणि पायांचं लाकूड बाकीच्यापेक्षा नवं. त्या काळात अनेक इटालियन पलंगांना उशाकडच्या फळीतूनच कप्पे काढलेले असायचे. मिलानचे नामवंत आर्किटेक्ट-डिझायनर जिओ पोंती तर या फळीकडे मोटारीच्या डॅशबोर्डसारखं बघायचे: दिवा, बटणं, पुस्तक, अ‍ॅशट्रे, सगळं पडल्यापडल्या हाताशी. असाच कुठलातरी पलंग मोडून त्याचे कप्पे सुटे केले, खाली पाय लावले आणि मला 'अस्सल जोडी' म्हणून विकले. वस्तू वाईट नव्हती, पण मी किंमत मोजली ती वेगळ्याच वस्तूची. तेव्हापासून मी आधी पाठ बघते आणि मग पुढची बाजू.

नावाचं काय?

पोंती, पाओलो बुफ्फा, ऑस्वाल्दो बोर्सानी, इको पारिझी या डिझायनरांची नावं विक्रेत्याच्या तोंडून सतत ऐकू येतील. कागदावर काय लिहिलंय ते मात्र अक्षर न्‌ अक्षर वाचा. 'नेल्लो स्तीले दी' म्हणजे 'यांच्या धाटणीचं', थोडक्यात यांचं नाही. 'आत्रिबुइतो आ' म्हणजे 'यांचं असावं'. 'दी', म्हणजे 'यांचं', एवढंच असेल तर पुरावा मागायचा. पोंतींच्या बाबतीत जिओ पोंती अर्काइव्हज कुटुंबाकडच्या कागदपत्रांच्या आधारे तपासणीचं प्रमाणपत्र देतं. पोंतींच्या नावाचे पैसे द्यायचे तर ते कागद हातात असल्याशिवाय देऊ नका. फरक किती? बिननावाची चांगली जोडी काही शे युरोंत मिळते, नावाची जोडी हजारांत जाते.

माझं मत स्पष्ट आहे. झोपायच्या खोलीत वापरायचं असेल तर बिननावाची जोडी घ्या. ब्रिआन्झातल्या ज्या हातांनी नामवंतांची कामं केली, तशाच हातांनी शेजारच्या जोडप्याच्या बेडरूमही केल्या. खणाचा सांधा दोन्हीकडे तोच. नावाचे पैसे संग्राहकाने द्यावेत, कारण ते त्याला पुढे परत मिळतात.

गोल डबा

दुसऱ्या फोटोतल्या डब्याचं नाव कोंपोनीबिली, कंपनी कार्तेल, आणि तो घडवला आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी यांनी. कार्तेल १९४९मध्ये जूलिओ कास्तेल्ली या केमिकल इंजिनिअरने काढली. आन्ना त्यांची पत्नी, स्वतः आर्किटेक्ट. जूलिओ हे जूलिओ नात्ता यांचे विद्यार्थी. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवरच्या कामासाठी १९६३चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, ते हेच नात्ता. प्लास्टिक म्हणजे हलकं, सवंग असं जे आपल्या डोक्यात बसलंय, त्याच्या अगदी उलट भावनेने हे लोक कामाला लागले होते. आधी चौकोनी कप्पे आले, १९६९मध्ये गोल. साहित्य एबीएस प्लास्टिक. कप्पे एकमेकांवर नुसते बसतात. स्क्रू नाही, गोंद नाही, बिजागरीसुद्धा नाही. दाराला बोट घालायला गोल भोक, बस्स. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो ठेवलेला आहे, आणि आजही कारखान्यातून नवा निघतो.

वापरायला कसा? व्यास ३२ सेंटीमीटर. पाण्याचा पेला, चष्मा, फोन आणि डिझायनर मॅजिस्ट्रेत्तींचा तो छोटा एक्लिस्से दिवा एवढं बसतं; जाडजूड पुस्तक आलं की पेला काठावर जातो. औषधाच्या पट्ट्या, चार्जर, बाम असं सगळं दाराआड लपतं, फक्त चार्जरची वायर मागून काढायला वाट नाही, दार थोडं उघडं ठेवावं लागतं. पाणी सांडलं तर फडकं फिरवलं की झालं. आमच्याकडे मुलगी लहान होती तेव्हा याच गुणाने आम्हाला तारलं.

जुना घ्यायचा की नवा? जुन्यात ते केशरी आणि गडद तपकिरी रंग फार देखणे दिसतात, आणि तळाशी कंपनीचं नाव उठवलेलं असतं. पण जुना पांढरा घेऊ नका. एबीएस उन्हाने पिवळं पडतं, तेही एकसारखं नाही: खिडकीकडची बाजू हस्तिदंती आणि भिंतीकडची पांढरी. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो पिवळेपणा उतरतो खरा, पण पुन्हा येतो. पांढरा हवा तर सरळ नवा घ्या. वस्तू तीच आहे, आणि त्यात जुन्याचा मान राखला नाही असंही काही होत नाही.

उंची मोजा, मग बाकीचं

यावर भाची आणि जावई दोघांनी विचारच केला नव्हता. टेबलाचा माथा गादीच्या पातळीला किंवा दोन-चार सेंटीमीटर वर हवा, नाहीतर रात्री चष्मा शोधताना खांदा दुखतो. कोंपोनीबिली दोन कप्प्यांचा ४० सेंटीमीटर, तीनचा ५८.५. आजच्या जाड गाद्यांना तीन कप्पेच लागतात. जमिनीलगतच्या पलंगाला दोन. लाकडी जोड्यांची उंची प्रत्येकाची निराळी, म्हणून टेप खिशात ठेवूनच बाजारात जा.

डॅनिश सागवानी टेबलांचाही पर्याय त्यांच्या मनात होता. साधी, शांत आणि निभावायला सोपी असतात. बहुतेकांवर तेलाचा हात असतो, त्यामुळे डाग पडला तर घरच्या घरी घासून तेल लावता येतं. इटालियन जोडीवर बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वलय उमटतं, आणि सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं तर पॉलिशच विरघळतं, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते. म्हणून तर माथ्यावर काच. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या जुन्या सुतारांना हे पॉलिश पाठ आहे, चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, भारतातूनच जगभर जायचा. १९६०नंतरच्या काही नगांवर जाड पॉलिएस्टरचा आरशासारखा थर असतो. त्याचा टवका उडाला की दुरुस्ती अवघड आणि महागडी.

पुढेमागे पुण्याला परतायचं असेल तर

भाचीने हे सगळं ऐकून शेवटी सांगितलं की चार-पाच वर्षांनी परत जायचा विचार आहे. मग हिशेब बदलतो. युरोपातल्या हीटिंगच्या कोरड्या हवेत सत्तर वर्षं काढलेलं व्हीनिअर पावसाळ्यात फुगतं, जुन्या प्राणिज सरसाने चिकटवलेलं असेल तर कडा सुटतात. पुण्यात निभावेल, मुंबईत समुद्राजवळ मी धाडस करणार नाही. डिझायनर आल्दो तूरा यांच्या धर्तीची बकरीच्या कातड्याने मढवलेली टेबलं तर दमट हवेत नेऊच नयेत, बुरशी धरते.

दुसरी गोष्ट कागदांची. विक्रेता 'पालिस्सांद्रो', म्हणजे शिसव, म्हणाला तर कुठलं ते विचारा. 'रिओ' म्हणजे ब्राझिलियन शिसव, आणि ते लाकूड १९९२पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या आणि सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. देशाबाहेर न्यायला परवाना लागतोच, युरोपीय संघाच्या आत विकायलाही प्रमाणपत्र लागतं. 'सांतोस' हे निराळंच झाड आहे. आपली शिसवी दुसऱ्या परिशिष्टात येते. महोगनीच्या जुन्या टेबलालाही निघण्याआधी एकदा नियम तपासून घ्या, पण सामान बांधून झाल्यावर रिओ निघालं तर ती जोडी इथेच सोडून जायची वेळ येते. अक्रोडाची जोडी असेल तर ही काळजी उरत नाही.

तिच्या फोटोतली जोडी महोगनीची होती, गादीपेक्षा नऊ सेंटीमीटर खाली, आणि विक्रेत्याकडे पाठीचा फोटो नव्हता. मी ती सोडून द्यायला सांगितली. सध्या तिने दोन नवे तीन-मजली डबे घेतलेत, जावयाकडचा तपकिरी. शेवटच्या रविवारी आम्ही दोघी नाविल्योला जाणार आहोत, अक्रोडाची जोडी शोधायला. टेप तिने आत्ताच पर्समध्ये टाकलाय, ५६ ते ६० सेंटीमीटर एवढंच बघायचं ठरलंय.