जम्पिंग झोन, संभाजीनगर: २ स्टार, तेही बॉल पिटच्या ताईमुळं

नणंदेच्या पोराचा बर्थडे होता म्हणून रविवारी जालन्याहून गेलो, सोबत आमची छकुली, वय ५, डाऊन सिंड्रोम आहे तिला. जागा मोठीय, एसी फुल, पार्किंगचं टेन्शन नाही. एका तासाचे ४५० अन वर ग्रिपचे मोजे ६० ला घ्यावेच लागतात, घरचे चालत नाहीत म्हणे.

काउंटरवर फॉर्म भरून घेतात, त्यात बीपी, हार्ट, प्रेग्नन्सी सगळं विचारलंय, मानेचं एक अक्षर नाही. मीच म्हणलं हिला ट्रॅम्पोलिनवर सोडायचं नाही, तर तो पोरगा म्हणतो "काही होत नाही मॅडम, खाली सगळा स्पंज आहे." अरे बाबा, पडायची भीती नाहीये! या लेकरांचे सांधे ढिले असतात, मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके धरून ठेवणारं लिगामेंट पण ढिलं असू शकतं, मग हिसका बसला की मणका सरकून मज्जारज्जूवरच दाब यायचा. अटलांटो-अॅक्सियल इन्स्टेबिलिटी म्हणतात, नाव पाठ झालंय आता. शंभरात १०-२० जणांच्या एक्सरेत दिसतं, त्रास १-२ जणांनाच होतो, पण ते १-२ कोण हे आधी कसं कळावं? मी तर एक्सरे काढाच म्हणून मागं लागले होते, पण डॉक्टर म्हणले लक्षण काही नाही तर नको, आज नॉर्मल आला म्हणून उद्याची गॅरंटी नाही, त्यापेक्षा मान वाकडी धरते का, चाल बदलली का, शी-शू कळायची ती परत कपड्यात व्हायली का, हे बघत राहा अन तसं काही दिसलं तर लगेच या. तेव्हापासून ती जिना उतरायली की माझा डोळा तिच्या पायावर. अन ६ वर्षांच्या आत ट्रॅम्पोलिन नाहीच, कोलांटउड्या पण नको.

म्हणून बॉल पिटमध्ये नेलं. तिथली ताई मात्र एक नंबर, मानेचं सांगितल्याबरोबर तिनं आत सूर मारायलेल्या मोठ्या पोरांना बाहेर काढलं अन छकुलीजवळच बसून राहिली. आमची बाई पाऊण तास एकच निळा बॉल घेऊन खूश.

पैसे मात्र पूर्ण ४५० च घेतले, नुसत्या बॉल पिटचं वेगळं तिकीट नाही. फॉर्ममध्ये मानेची एक ओळ टाका म्हणलं तर मॅनेजर म्हणले "वर कळवतो". बघू.

समोसा गार होता. मोजे घरी आणलेत, फरशीवर घसरत नाही ती आता, ६० रुपये तेवढे वसूल.