वाड्यासाठी पोत्यातला हायड्रॉलिक चुना: तळमजल्याला उत्तम, माडीला नको

पुण्याच्या पेठांमधला जुना वाडा एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी, तीन-चार गटांना एकत्र काम करता यावं म्हणून दुरुस्त होतो, तेव्हा घात बहुधा गिलाव्यात होतो. सिमेंटचा गिलावा सुरुवातीला देखणा दिसतो. पण मातीत रचलेल्या विटांमधली ओल त्याच्यामागे कोंडते, क्षारांमुळे पोपडे सुटतात आणि भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोकं कुजू लागतात. हे कुजणं कडीपाट, म्हणजे तुळयांवरचं लाकडी छत, खचेपर्यंत कळत नाही, म्हणून जास्त वाईट.

३.५ प्रतीचा (मध्यम ताकदीचा, NHL 3.5) नैसर्गिक हायड्रॉलिक चुना दमट तळमजल्यावर खरोखर चांगलं काम देतो, कारण तो ओलीतही घट्ट होतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. १ भाग चुन्याला अडीच भाग धुतलेली वाळू घ्यावी. थर १० ते १२ मिलिमीटरचाच, आणि दुसरा थर आठवड्यानंतर. वाळूत माती असली किंवा लवकर वाळावं म्हणून पंखा लावला, की भेगा ठरलेल्या. आठवडाभर ओलं गोणपाट हवंच. जास्त टणक म्हणून ५ प्रत घेऊ नये. गिलावा विटेपेक्षा कडक झाला की झीज विटेची होते. पोत्यावरचे घटकही वाचावेत, चुन्याच्या नावाखाली सिमेंट मिसळलेला मसालाही विकला जातो.

कोरड्या माडीवर एवढा महाग चुना वाया जातो. तिथे कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून, गाळून, महिनाभर पाण्याखाली मुरवलेला बरा. न विरलेले खडे राहिले तर ते नंतर गिलाव्यात फुलतात आणि फोड येतात. विरताना चुना उकळून उडतो, डोळ्यांना इजा होते. हे काम हौशी स्वयंसेवकांना देऊच नये.

वर प्लास्टिक रंग लावला तर सगळी मेहनत फुकट. चुन्याचे ३-४ पातळ हात द्यावेत. बैठकीच्या खोलीत पाठ टेकते तिथे चुना कपड्यांना लागतो, तेवढी ४ फुटांची पट्टी घोटून घ्यावी.

वायरिंगच्या खाचा गिलाव्याआधीच माराव्यात. लिहायचे फळे आणि पडदा भिंतीत खिळे ठोकून लावू नयेत, विटांमधल्या मातीच्या सांध्यांत खिळा धरत नाही. लाकडी खांबांना आडवी पट्टी बांधून त्यावर टांगावेत.